चाकाला कुणी विचारले?

एकदा एक फिरती गिरणी डोंगराच्या पायथ्याशी तीन आठवडे अडून राहिली.

गिरणी म्हणजे एक पिकअप गाडी. तिच्या हौद्यात पिठाची चक्की बोल्टांनी घट्ट बसवलेली, शेजारी चक्की फिरवणारे छोटे डिझेल इंजिन आणि वर ताडपत्रीचे छप्पर. मालक रंगनाथ लोहोट. मोठे व्यापारी नव्हते, पण सारा परिसर त्यांना शेठ म्हणे. प्रत्येक वस्तीचा वार ठरलेला असे. त्या दिवशी गाडी दारात येई आणि बायकांची दळणासाठीची पायपीट वाचे.

सर्वांत उंचावरची वस्ती माचीवाडी. बत्तीस घरे. तिचा वार मंगळवार. तिथे पोचण्याआधी एक अवघड चढ लागे, त्याला झिऱ्याचे वळण म्हणत. डोंगरातून झिरपणारे पाणी तिथे थेट फाल्गुनापर्यंत वाहत असे, त्यामुळे तांबडी माती कायम निसरडी राही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला उतार. आदल्या वर्षी एक टेम्पो तिथून मागे घसरला होता आणि एका झाडाला अडकला म्हणून ड्रायव्हर वाचला होता. अशा मालवाहू गाड्यांची एरवी फक्त मागची चाके जोर लावतात. त्या चिखलात तेवढे पुरत नाही. शेठच्या गाडीला मात्र गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा एक छोटा दांडा होता. तो ओढला की पुढची चाकेही इंजिनाला जोडली जात आणि चारही चाके एकदम जोर लावत. ती जोडली गेली की समोरच्या काट्यांच्या चौकटीत एक हिरवा दिवा लागे. चढाच्या पायथ्याशी थांबायचे, दांडा ओढायचा, दिवा पाहायचा आणि मग वर जायचे, हा शेठचा नऊ वर्षांचा नेम होता.

कार्तिकातल्या एका मंगळवारी दिवा लागला नाही. शेठनी दांडा चार वेळा ओढून पाहिला. मग गाडी वळवली आणि ते खाली आले.

बाजारच्या गावात कासम आतार यांचे गॅरेज होते. चाळीस वर्षे त्यांचा हात गाड्यांवर फिरत होता. लहानथोर त्यांना वस्ताद म्हणत. पण त्या वेळी ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी शहरात लेकीकडे गेले होते. गॅरेज उर्मिला तळपे सांभाळत होती. उर्मिला एकोणतीस वर्षांची. आयटीआय करून तिने शहरातल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये चार वर्षे काढली होती आणि गेली दोन वर्षे ती वस्तादांच्या हाताखाली शिकत होती. बुद्धीने तल्लख, कामाला चिवट, आणि स्वतःच्या निष्कर्षावर तिचा पूर्ण विश्वास.

तिने पद्धतशीर तपासणी केली. दिव्याचा बल्ब चांगला होता. फ्यूज चांगला होता. वायर कुठे तुटलेली नव्हती. आता उरल्या दोनच गोष्टी. एक, गाडीच्या पोटातली ती पेटी, जिच्यात दात एकमेकांत बसले की पुढच्या चाकांना जोर मिळतो. दुसरी, त्या पेटीवर बसवलेला अंगठ्याएवढा स्विच, जो दात बसल्याची वर्दी दिव्याला देतो. स्विच तिने स्वतःच श्रावणात नवा घातला होता. म्हणजे तो खराब असणार नाही. म्हणजे आतले दातच बसत नाहीत. तर्काची शिडी सरळ होती. एका पायरीवर मात्र तिने पाय न देताच ती भक्कम मानली होती.

पेटी उघडावी लागेल, असे तिने शेठना सांगितले. सामान शहरातून मागवावे लागेल, आणि तोवर माचीवाडीला अजिबात जायचे नाही. शेठनी निमूट ऐकले. सखल वस्त्यांवर गाडी जात राहिली; मंगळवार तेवढा रिकामा जाऊ लागला. सामान आज येईल, उद्या येईल, असे करता करता तीन मंगळवार गेले.

चौथ्या मंगळवारी सकाळी माचीवाडीची ठकूबाई डोंगर उतरून गॅरेजमध्ये आली. साठी ओलांडलेली, काटक म्हातारी. ती भांडायला आली नव्हती. टायरांच्या चळतीवर बसून तिने आधी पाणी मागितले, मग सावकाश आपले काम सांगितले. गुरुवारी तिच्या नातीचे लग्न होते. अडीचशे पान उठायचे होते. भाकरीचे तांदूळ, बेसनाची डाळ, सगळे मिळून चार पोती दळण. तीन आठवडे वस्तीतल्या बायका जात्यावर दळत होत्या, पण एवढे दळण जात्यावर होणारे नव्हते. गाडी येणार नसेल तर तसे स्पष्ट सांगा, म्हणजे बायका लग्नाची कामे टाकून पोती डोक्यावर खाली आणतील, एवढेच तिचे म्हणणे होते.

उर्मिला अडचणीत सापडली. सामान त्याच सकाळी पोचले होते, पण पेटी उतरवून, उघडून, पुन्हा जोडायला तीन दिवस लागणार होते. लग्न दोन दिवसांवर होते.

आणि नेमक्या त्याच वेळी सकाळच्या एसटीने वस्ताद परतले. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, खिशात डॉक्टरांची चिठ्ठी: वाकायचे नाही, वजन उचलायचे नाही, धुळीत जायचे नाही. उर्मिलेने त्यांना खुर्ची दिली आणि पहिल्या दिवसापासूनची सारी हकिकत सांगितली. बल्ब, फ्यूज, वायर, काहीही गाळले नाही. वस्तादांनी मान हलवत सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला.

"ह्या तीन आठवड्यांत दांडा ओढून चिखलात एकदा तरी घातली का?"

"कशी घालणार, वस्ताद? दिवाच लागत नाही."

वस्ताद खुर्चीतून उठले. त्यांनी शेठना बोलावणे पाठवले. शेठ गाडी घेऊन आले तेव्हा त्यांच्या खांद्यावरचा पंचा वस्तादांनी मागून घेतला आणि स्टिअरिंगच्या मागून हात घालून समोरच्या साऱ्या काट्यांवर तो नीट पसरून खोचला. ना बॉनेट उघडले, ना पाना हातात घेतला. शेठना म्हणाले, गाडी बाजाराच्या मैदानात घ्या.

मंगळवारी बाजार नसे. मैदान मोकळे, कोरडे आणि पायाखाली टणक होते. वस्तादांनी शेठना छोटा दांडा ओढायला लावले, स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवायला सांगितले आणि माणसाच्या चालीने गोल फिरायला सांगितले. स्वतः ते गाडीच्या पुढच्या मडगार्डवर तळहात टेकवून, काळ्या चष्म्याआड डोळे मिटून, बरोबर चालू लागले. गाडी कण्हत, अडखळत फिरू लागली. मागून कुणी धरून ठेवावे तशी ती मध्येच थबके आणि हिसका देऊन पुढे सरके. मग त्यांनी दांडा सोडायला सांगितले आणि तोच फेरा पुन्हा घ्यायला लावला. आता गाडी अलगद फिरली. पुन्हा दांडा ओढला. पुन्हा तेच कण्हणे. असे तीन वेळा झाले. चहाच्या टपरीवरची माणसे पेले हातात घेऊन बाहेर येऊन उभी राहिली. ऑपरेशन फक्त डोळ्यांचेच झाले ना, अशी शंका शेठना येऊ लागली होती; पण ती त्यांनी मनातच ठेवली.

वस्तादांनी हात झटकले. म्हणाले, "ठकूबाई, गाडीत बसा. दळण तुमच्या दारातच होईल."

उर्मिला पुढे झाली. तिने शेठच्या देखत विरोध केला नाही, पण वस्तादांना बाजूला घेऊन आदल्या वर्षीच्या टेम्पोची आठवण करून दिली. वस्ताद तिच्यावर रागावले नाहीत. उलट ते म्हणाले की तिची काळजी बरोबर आहे आणि ती बरोबरच घेऊन जायची आहे. चढाच्या पायथ्याशी सगळ्यांनी उतरायचे. गाडीत एकटे शेठ. वस्तीतल्या दोन गड्यांना बोलावून घ्यायचे; त्यांनी डोंगराच्या अंगाने, चाकाच्या थोडे मागे, मोठे दगड घेऊन चालायचे. गाडी जरा जरी मागे सरली तर दगड लावायचे, शेठनी ब्रेक दाबायचा, आणि सगळे तिथेच थांबवायचे.

"आणि मी?" तिने विचारले.

"तू वळणाच्या वर उभी राहा. मला तुझे डोळे हवेत, माझे अजून कच्चे आहेत. दुसरीकडे कुठे बघू नकोस. फक्त पुढची चाकं बघ."

दुपारी सगळे झिऱ्याच्या वळणापाशी पोचले. पाणी नेहमीसारखे वाहत होते, माती तुकतुकीत ओली होती. वस्ताद खाली एका कातळावर बसले. उर्मिला वळणाच्या वर डोंगराला पाठ लावून उभी राहिली. गाडी घसरली तर ती आपल्या वस्तादांच्या शब्दाने घसरेल, आणि चढली तर आपला शब्द खोटा ठरेल. दोन्हींपैकी काय व्हावे असे आपल्याला वाटते आहे, हे तिने स्वतःला विचारले आणि तिची तिलाच लाज वाटली. गाडी चढावी, असे तिने मनापासून ठरवून टाकले.

शेठनी दांडा ओढला आणि गाडी चढाला लावली. अर्ध्या वळणावर मागचे एक चाक सटकले, जागच्या जागी भिरभिरले. गड्यांनी दगड पुढे केले. त्याच क्षणी उर्मिलेला दिसले की पुढच्या दोन्ही चाकांनी मातीत दात रोवले आहेत. तांबड्या चिखलाचे गोळे त्या चाकांखालून मागे उडत होते. नुसते ढकलले जाणारे चाक चिखल तुडवते, मागे फेकत नाही. फेकते ते स्वतः जोर लावणारे चाक. गाडीने एक हिसका घेतला, चक्कीसकट सारे वजन पेलले आणि ती तिच्या शेजारून वर निघून गेली. शेठच्या चेहऱ्यावर घाम होता आणि हसू होते.

माचीवाडीत त्या दुपारी दिवाळी परत आल्यासारखे झाले. डिझेल इंजिन सुरू झाले, चक्कीचा घरघराट डोंगरात घुमला आणि घराघरांतून डबे, पाट्या, पोती बाहेर आली. शेठचा आनंद तर मावत नव्हता. ते भेटेल त्याला सांगत होते, ही सगळी आमच्या उर्मिलाताईंची करामत, तीन आठवडे पोरीने गाडीचा पिच्छा सोडला नाही. गाडीचे काम गॅरेजात चालले होते, वस्तादांनी मैदानात ती नुसती तपासून पाहिली, आता गाडी चढली, म्हणजे ती दुरुस्त झाली, आणि ती केली उर्मिलेने. त्यांचा हिशेब सरळ होता. बायकांनी तिला घोंगडीवर बसवले. गूळ घातलेला चहा आला. ठकूबाईने जाहीर केले की गुरुवारी लग्नात उर्मिला मानाची पाहुणी, पहिल्या पंगतीत नवऱ्या मुलीशेजारी तिचे पान.

उर्मिला हसली. "अहो, तसं काही नाही," असे काहीसे पुटपुटली. पण ते विनयाने म्हटल्यासारखे वाटले, आणि तिनेही ते तसेच वाटू दिले. चहाचा पेला घेऊन ती उठली आणि पलीकडे आंब्याच्या पाराशी बसलेल्या वस्तादांकडे गेली.

मैदानात तुम्हाला कसे कळले, असे तिने विचारले.

वस्ताद म्हणाले, "वळताना पुढची चाकं लांबच्या वाटेनं जातात, मागची जवळच्या. सुटी असली की आपापल्या वाटेनं चालतात, गाडी अलगद वळते. एकमेकांना बांधली की टणक जमिनीवर त्यांची ओढाताण होते, गाडी कण्हते. तुझ्या पेटीतले दात पहिल्या दिवसापासून बसत होते, उर्मिला. गेला आहे तो स्विच."

"पण तो तर नवा होता."

"नवा होता, आणि तू बसवला होतास. म्हणून त्याच्याकडे संशयानं बघणं तुला जमलं नाही. दिवा लागला नाही तेव्हा शेठ थांबले, ते योग्यच केलं. तूही त्यांना थांबवलंस, तेही योग्य. पण मग तीन आठवडे तुम्ही सगळे दिव्याशीच बोलत बसलात. गाडी चालवतं चाक. त्याला कुणीच काही विचारलं नाही. दिवा फक्त बातमी देतो. आणि बातमी दोन्हीकडून चुकते. कधी काम होत असतं आणि दिवा लागत नाही. कधी दिवा लख्ख लागतो आणि आत काही बसलेलं नसतं."

उर्मिला खालमानेने ऐकत होती. ही चूक इतकी बारीक होती की तिला हसावे की रडावे ते कळेना. तिची ती अवस्था पाहून वस्ताद हसले आणि त्यांनी आपली एक जुनी गोष्ट सांगितली.

ते तिच्याएवढे असताना असाच दिवा न लागणारी एक जीप त्यांच्याकडे आली होती. त्यांनी धीर धरला नाही. अख्खी पेटी उतरवून उघडली. आत सारे धडधाकट होते. पुन्हा जोडायला चार दिवस लागले आणि शेवटी बदलला तो एक स्विच. मालकाला मात्र त्यांनी सांगितले की मोठा बिघाड होता, मोठ्या कष्टाने काढला. मालक भला माणूस. त्याने पुढची अकरा वर्षे दर लग्नाकार्यात, दर बाजारात चारचौघांसमोर कासमच्या हाताची तारीफ केली. त्या तारिफेपायी गिऱ्हाइके वाढली, नाव झाले.

"आणि मला तो माणूस लांबून येताना दिसला की मी गल्ली बदलायचो," वस्ताद म्हणाले. "अकरा वर्षं. तो वारला तेव्हा खांदा द्यायला गेलो. सांगायचं राहून गेलं."

तू असे कर, तसे कर, असे काही म्हणाले नाहीत. काळा चष्मा त्यांनी डोंगराकडे वळवला आणि चहा पिऊ लागले.

चक्कीकडून शेठचा आवाज ऐकू येत होता. कुणाला तरी ते अजून उर्मिलेचीच कौतुके सांगत होते. तिने पेला पाराशी ठेवला आणि ती चक्कीपाशी गेली. शेठना तिने इंजिन थोडा वेळ बंद करायला सांगितले. घरघराट थांबला तशी सगळ्यांची तोंडे तिच्याकडे वळली.

"शेठ, मी गाडी दुरुस्त केली नाही," ती म्हणाली. "गाडी बिघडलीच नव्हती. बिघडला होता तो मी बसवलेला एक स्विच. ती चढते की नाही हे मी तपासलंच नाही आणि तुम्हाला येऊ नका म्हणाले. तीन मंगळवार ह्या वस्तीचं दळण माझ्यामुळे अडलं."

शेठच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू ओसरला. ते मनाशी ते तीन मंगळवार मोजत असावेत. मागे एक तरुण सून दुसरीच्या कानाशी काहीतरी कुजबुजली. उर्मिलेला वाटले, आता कुणी रागावले तर बरे होईल.

ठकूबाई पुढे आली. तिने उर्मिलेचा उजवा हात धरला आणि त्याची बोटे आपल्या उघड्या तळहातावर टेकवली. जात्याच्या खुंट्याने म्हातारीच्या तळहाताला फोड आले होते, फुटले होते, आणि त्यांवर जाड खपली धरली होती.

"हे त्या तीन मंगळवारांचं," ती म्हणाली.

उर्मिलेचे डोळे भरून आले. ठकूबाईने तिचा हात सोडला नाही. तिला तसेच ओढत चक्कीपाशी नेले, तांदळाची पाटी तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "आता तू दळ. घोंगडीवर बसून चहा प्यायला लई जणी आहेत."

कुणीतरी हसले. मग शेठही हसले. नऊ वर्षे आपण त्या गाडीवर बसतो, आपल्यालाही एकदा चिखलात घालून पाहायचे सुचले नाही, असे ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले आणि इंजिनाचा दांडा फिरवायला वाकले.

ऊन उतरेपर्यंत उर्मिला चक्कीपाशी उभी होती. चार पोती लग्नाची झाली, मग बत्तीस घरांची दळणे झाली. केस, भुवया, कपडे पिठाने पांढरे झाले. हात भरून आले, पण छातीवरचा भार कुठल्या कुठे गेला होता. बायका आता तिला ताई म्हणत नव्हत्या. अगं उर्मिला, बारीक दळ, अगं, चाळण दे इकडे, असे हक्काने ओरडून सांगत होत्या.

गाडी परत निघाली तेव्हा ठकूबाई खिडकीशी आली.

"गुरुवारी ये हां," ती म्हणाली. "पण पहिल्या पंगतीला बसायचं नाही. ते पाहुण्यांचं काम. तू पदर खोचून वाढायला ये."

गुरुवारी उर्मिला पहाटेच डोंगर चढून गेली. अडीचशे पाने उठली. शेवटच्या पंगतीला घरच्या माणसांबरोबर ती जेवायला बसली, तेव्हा ठकूबाईने तिला न विचारताच पानात तिसरी भाकरी वाढली.